चाल बदलली म्हणून बंगाल का चिडला?

नोव्हेंबर २०२३ मध्ये 'पिप्पा' नावाचा हिंदी चित्रपट ओटीटीवर आला. विषय १९७१ च्या युद्धाचा. त्यात बंगाली कवी काझी नजरुल इस्लाम यांचं 'कारार ओइ लौहकपाट' हे गाणं घेतलं होतं आणि संगीत होतं ए. आर. रहमान यांचं. शब्द नजरुलचेच, चाल मात्र नवी. गाणं बाहेर पडलं आणि कोलकाता आणि ढाका, दोन्हीकडे एकदम संताप उसळला. शब्द वापरायला परवानगी दिली होती, चाल बदलायला नाही, असं नजरुल यांच्या कुटुंबीयांनी सांगितलं. सगळं करारानुसारच केलंय, तरी कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर माफ करा, असं निर्मात्यांनी जाहीर केलं.

आपल्याकडे अनेकांना यातलं काहीच कळलं नाही. एकही शब्द बदललेला नाही, मग बिघडलं कुठं? मलाही नीट कळलं नव्हतं. मी ते गाणं आमच्या शेजारच्या बौदींना ऐकवलं. बंगालीत थोरल्या भावाच्या बायकोला बौदी म्हणतात, आणि आमची अख्खी बिल्डिंग त्यांना तेच म्हणते. त्या कणीक मळत होत्या. पहिलं कडवं संपायच्या आत म्हणाल्या, "बंद करा." मग पिठाची मूठ ओट्यावर आपटत त्यांनी मूळ चाल म्हणून दाखवली. प्रत्येक ठोक्याला शेजारचा स्टीलचा पेला वाजत होता. "दार तोडायचं गाणं आहे हे. तुमच्या फोनमधल्या गाण्यात दार कोण तोडतंय, दाखवा मला."

'कारार ओइ लौहकपाट' म्हणजे तुरुंगाचं ते लोखंडी दार. मूळ चालीत प्रत्येक ओळ घणासारखी पडते. नवी चाल लोकगीताच्या अंगानं जाणारी, झुलती होती. ती कानाला वाईट नव्हती, पण घण गेला होता. बंगालच्या निषेधाच्या गाण्यांत शब्दांच्या बरोबरीनं चालही बोलत असते, हे एकदा लक्षात आलं की शंभर-सव्वाशे वर्षांचा हा सगळा प्रवास उलगडायला लागतो.

गणसंगीत म्हणजे काय?

या प्रकारच्या गाण्यांना १९४० च्या दशकापासून बंगालीत 'गणसंगीत' म्हणतात. 'गण' म्हणजे लोकसमुदाय. लोकगीत आणि गणसंगीत यांतला फरक आपल्याला घरचा आहे. जात्यावरची ओवी कोणी रचली ते कोणालाच ठाऊक नसतं, ती दळता दळता होते. शाहिराचा पोवाडा कोणीतरी ठरवून, एका प्रसंगासाठी, समोर बसलेल्या माणसांसाठी रचतो. गणसंगीत हे पोवाड्याच्या बाजूचं. मात्र पोवाड्यात शाहीर गातो आणि आपण ऐकतो. गणसंगीतात ऐकायला आलेल्यानंच गायचं असतं.

त्यामुळे चालीवर मोठी जबाबदारी येते. गळा तयार नसलेल्या हजार माणसांना ती पहिल्या फेरीत उचलता आली पाहिजे. वारीत पहिल्यांदाच आलेला माणूस दोन मिनिटांत टाळाच्या ठेक्याला पाऊल मिळवतो, तसं. म्हणूनच बंगाली रचनाकारांनी पुष्कळदा नवी चाल करण्याऐवजी लोकांच्या अंगात आधीच मुरलेली चाल घेतली.

एका पोस्टमनची चाल

१९०५ साली लॉर्ड कर्झननं बंगालचे दोन तुकडे केले. १६ ऑक्टोबरला फाळणी अमलात आली. त्या दिवशी रवींद्रनाथ टागोर कलकत्त्याच्या रस्त्यावर उतरले, लोकांनी जातधर्म न बघता एकमेकांना राख्या बांधल्या आणि गाणी म्हणत मिरवणुका काढल्या. त्याच वर्षी रवींद्रनाथांनी 'आमार सोनार बांग्ला' लिहिलं.

या गाण्याची चाल रवींद्रनाथांची नाही. ती गगन हरकरा यांची. हरकरा म्हणजे डाक पोचवणारा. टागोर घराण्याची जमीनदारी जिथं होती त्या शिलाईदह परिसरात गगन टपाल वाटायचे आणि बाऊल गाणी म्हणायचे. बाऊल म्हणजे देवळा-मशिदीबाहेरचा देव शोधत, गात हिंडणारे साधक. 'माझ्या मनातला माणूस मला कुठं भेटेल' अशा अर्थाचं गगन यांचं एक गाणं होतं. रवींद्रनाथांनी ती व्याकूळ चाल उचलली आणि मनातल्या माणसाच्या जागी भूमी ठेवली.

राजकारण्याला सुचली नसती अशी ही निवड आहे. फाळणी धर्माच्या रेषेनं झाली होती, आणि बाऊलची चाल हिंदूची की मुसलमानाची हे कोणालाच सांगता येत नाही. फाळणीविरुद्धचा सगळा युक्तिवाद त्या चालीतच होता. पुढं १९११ मध्ये ती फाळणी रद्द झाली. १९४७ मध्ये बंगाल पुन्हा तुटला, आणि १९७१ नंतर त्याच गाण्याच्या पहिल्या दहा ओळी बांगलादेशचं राष्ट्रगीत झाल्या.

बेड्यांचा ताल

नजरुल वेगळ्या मातीचे. वर्धमान जिल्ह्यातल्या चुरुलिया गावचा गरीब घरचा मुलगा. लहानपणी मशिदीत अजान दिली, लेटो नावाच्या गावाकडच्या गाण्या-नाटकाच्या फडात काम केलं, मग लष्करात हवालदार झाले. फडातली गाणी आणि कवायतीचं पाऊल, दोन्ही त्यांच्या रचनांत कायम राहिलं.

डिसेंबर १९२१ मध्ये देशबंधू चित्तरंजन दास तुरुंगात गेले. त्यांच्या पत्नी बासंतीदेवी 'बांगलार कथा' हे साप्ताहिक चालवू लागल्या आणि त्यासाठी नजरुलकडे कविता मागितली गेली. त्यांनी एका बैठकीत लिहून दिली ती 'भांगार गान', म्हणजे मोडतोडीचं गाणं. 'कारार ओइ लौहकपाट' ही तिचीच पहिली ओळ. १९२४ मध्ये याच नावानं संग्रह निघाला आणि सरकारनं त्यावर बंदी घातली.

मध्यंतरी नजरुल स्वतः गजाआड जाऊन आले होते. 'धूमकेतू' या त्यांच्या पत्रातल्या एका कवितेसाठी त्यांना वर्षभराची सजा झाली. हुगळीच्या तुरुंगात कैद्यांना जी वागणूक मिळत होती तिच्याविरुद्ध त्यांनी जवळजवळ चाळीस दिवस उपोषण केलं. उपोषण सोडा, आपल्या साहित्याला तुमची गरज आहे, अशी तार रवींद्रनाथांनी केली. ती गेली दुसऱ्याच तुरुंगात, आणि पत्ता चुकला म्हणून परत आली. याच हुगळीत त्यांनी 'शिकल परा छल' रचलं. आम्ही बेड्या घातल्यात ते निव्वळ सोंग आहे, त्या घालूनच आम्ही त्या निकामी करणार, असा त्याचा भाव. ते ऐकताना पायातल्या साखळीचा खळखळाट लयीत ऐकू येतो. बेडी हेच त्याचं वाद्य आहे.

आता बौदींचा राग समजायला सोपा जातो. त्यात आणखी एक गोष्ट मिसळा. १९७१ मध्ये 'स्वाधीन बांग्ला बेतार केंद्र' या मुक्तिसंग्रामाच्या रेडिओवर हे गाणं वाजत होतं. म्हणजे 'पिप्पा'ची कथा ज्या काळात घडते त्याच काळात, त्याच लोकांनी, मूळ चालीत ते ऐकलेलं आहे. ती माणसं अजून हयात आहेत.

दुष्काळाचं गाणं मुंबईत कसं पोचलं

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली. धान्य अजिबात नव्हतं असं नाही. युद्धामुळे भाव भडकले, साठेबाजी झाली, सरकारनं जपान्यांच्या भीतीनं किनारपट्टीवरच्या होड्या आणि तांदूळ ताब्यात घेतले, आणि खेड्यातल्या मजुराच्या हातातून भात निसटला. माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन भाताची पेज मागत मेली.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत 'इप्टा', म्हणजे भारतीय जननाट्य संघ, स्थापन झाला. बिनय राय यांच्यासारखे गायक-संघटक बंगालमधून पथक घेऊन निघाले आणि मुंबईसह ठिकठिकाणी गाण्यातून दुष्काळ सांगत मदत गोळा करू लागले. मराठीत याचा पडसाद अण्णाभाऊ साठे यांच्या 'बंगालची हाक' या पोवाड्यात आहे. वाटेगावच्या शाहिरानं कधी न पाहिलेल्या मुलखाची भूक डफ-तुणतुण्यावर मांडली. त्यानं बंगाली चाल उसनी घेतली नाही. आपल्या माणसांना आपल्याच चालीत सांगितलं, आणि तेच बरोबर होतं.

दोन मोठी माणसं, एक भांडण

इप्टाच्या बंगाली रचनाकारांत दोन नावं समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत: हेमांग बिस्वास आणि सलिल चौधरी.

हेमांग बिस्वास सिल्हेटचे. भाटियाली म्हणजे प्रवाहाबरोबर होडी सोडून दिलेल्या नावाड्याचं गाणं, आणि सारी म्हणजे वल्हवणाऱ्यांचं एकत्र गाणं, ही दोन्ही त्यांच्या रक्तातली. त्यांचं म्हणणं असं, की शेतकऱ्यासाठी गाणं करायचं तर ते त्याच्याच गळ्यातून निघालं पाहिजे. शहरातली सजावट त्याच्या डोक्यावरून जाते.

सलिल चौधरींचं बालपण आसामच्या चहामळ्यात गेलं. वडील मळ्यावर डॉक्टर, आणि घरात पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह. ते म्हणत, आशय नवा आहे तर घाटही नवा लागेल. त्यांनी हार्मनी आणली. हार्मनी म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांत गाऊन एक भरीव आवाज उभा करणं. आपल्याकडे शंभर माणसं एकत्र गातात तेव्हा सगळे एकाच स्वररेषेवर असतात. सलिलच्या वृंदगानात एक गट खालून आधार देतो, दुसरा वरून झेपावतो, तिसरा मधूनच हाक घालतो. ऐकताना वाटतं की गर्दी आली आहे आणि तिच्यात प्रत्येकाला आपापलं काही म्हणायचं आहे.

माझा कल सलिलकडे आहे, हे लपवत नाही. पण त्यांची सगळ्यात टिकाऊ गाणी बघितली तर त्यांच्या तळाशी हेमांगदांचंच म्हणणं सापडतं. 'बिचारपती तोमार बिचार' हे १९४५ चं गाणं घ्या. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर दिल्लीत खटले चालू होते तेव्हाचं. न्यायाधीशा, तुझा न्याय करणारी जनता आता जागी झाली आहे, असा त्याचा गाभा. चाल कीर्तनाच्या वळणाची. बंगाली कीर्तन म्हणजे आपल्यासारखं बुवांनी उभं राहून केलेलं निरूपण नव्हे. खोल नावाचा मृदंगासारखा ढोल आणि करताल घेऊन सगळ्यांनी मिळून गायचं ते कीर्तन, आपल्या दिंडीच्या जवळचं. देवाला आळवायची ती चाल कोर्टाकडे वळवली, आणि न्यायाधीश एकदम लहान दिसायला लागला.

किंवा 'हेइ सामालो धान हो'. हे तेभागा आंदोलनाचं गाणं, १९४६-४७ मधलं. तेभागा म्हणजे तीन वाटे. बंगालमधला वाटेकरी जमीन अर्धलीनं कसायचा. राबायचं त्यानं आणि निम्मं पीक जोतदाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. पीक जायचंही आधी जोतदाराच्या खळ्यावर, आणि तिथं जुनी उचल, व्याज, नाना हक्क कापून निम्म्यातलंही अर्धं गळायचं. मागणी सरळ होती: तीन वाटे करा, दोन कसणाऱ्याचे, आणि धान आधी आमच्या खळ्यावर उतरेल. गाण्याची सुरुवातच आरोळीनं होते. 'हेइ सामालो', म्हणजे धान सांभाळा रे. ओझं उचलताना आपण 'हैश्शा' म्हणतो, तसा तो उच्चार. सभेत नुसती ती हाक दिली की उरलेलं गाणं लोकांचं.

"मग चाल बदलूच नये का?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. रवींद्रनाथांनी गगनची चाल घेऊन शब्द बदलले, ते चाललं. मग रहमान यांनी शब्द ठेवून चाल बदलली तर का चालू नये?

उत्तर ढाक्याच्या एका गाण्यात आहे. २१ फेब्रुवारी १९५२ ला उर्दूच्या सक्तीविरुद्ध आणि बंगालीच्या हक्कासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर ढाक्यात गोळीबार झाला. अब्दुल गफ्फार चौधरी यांनी त्यावर कविता लिहिली, 'आमार भाइयेर रक्ते रांगानो', माझ्या भावाच्या रक्तानं रंगलेली एकवीस फेब्रुवारी. तिला पहिली चाल लावली अब्दुल लतीफ यांनी. ते स्वतः मातब्बर गीतकार-गायक. पुढं अल्ताफ महमूद यांनी दुसरी चाल लावली, आणि आज बांगलादेशात तीच गायली जाते. दरवर्षी २१ फेब्रुवारीला पहाटे लोक अनवाणी, फुलं घेऊन शहीद मिनारकडे चालत जातात, तेव्हा ही चाल त्या अनवाणी पावलांच्या गतीनं चालते. तिच्यात घोषणा नाही, आक्रोशही नाही. मयताला खांदा देऊन चालताना जशी गती असते, तशी तिची गती आहे.

म्हणजे चाल बदलता येते. दुसरी चाल पहिलीपेक्षा शब्दांच्या जवळ गेली म्हणून लोकांनी ती उचलली. २०२३ मध्ये उलट झालं. नवी चाल शब्दांपासून लांब गेली. आपल्याकडे 'माझी मैना गावावर राहिली' कोणी अंगाईसारखी संथ केली तर काय वाटेल, असं स्वतःला विचारून बघा. बेळगाव-कारवारची तडफड त्या छक्कडीच्या लयीत आहे.

"पण हा तर पक्षाचा प्रचार"

काही अंशी खरं आहे. इप्टाचं नातं कम्युनिस्ट पक्षाशी होतं, पुष्कळ गाणी एखाद्या संपासाठी, सभेसाठी लिहिलेली होती, आणि त्यातली बरीचशी त्या सभेबरोबरच संपली. वाईट गणसंगीत भरपूर आहे, त्यात आरोळी असते आणि गाणं नसतं. उरली ती गाणी ज्यांत माणूस दिसतो.

त्यासाठी 'रनार' ऐका. कविता सुकांत भट्टाचार्य यांची. हा कवी १९४७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी क्षयानं गेला. रात्रीच्या अंधारात डाकेची थैली आणि कंदील घेऊन धावणारा हरकारा, पाठीवर लोकांचे पैसे, पोटात भूक. सलिलनी चाल अशी बांधली की धावता धावता गाण्याचा सा, म्हणजे पायाचा सूर, बदलत जातो. एक गाव मागं पडलं, पायाखालची जमीन बदलली, हे सुरांतून कळतं. एकाही पक्षाचं नाव न घेता ते गाणं पिळवणूक म्हणजे काय ते सांगून जातं.

गगन हरकरा, हा रनार, आणि आता खाली येणारा डाक-तार संप. या इतिहासात टपालवाला फिरून फिरून भेटतो. दुसऱ्यांचा निरोप वाहून नेणाऱ्या माणसात गाणं करणाऱ्यांना आपलीच जात दिसली असावी, असं मला वाटतं.

"गाण्यानं बदलतं काय?"

इथं खोटा दिलासा द्यायचा नाही. २९ जुलै १९४६ ला डाक-तार कामगारांच्या पाठिंब्यासाठी कलकत्ता बंद होतं. 'ढेउ उठछे, कारा टुटछे', लाटा उठताहेत, तुरुंग फुटताहेत, हे सलिलचं गाणं त्या दिवसासाठी झालं. हिंदू-मुसलमान कामगार एका सभेत एकत्र होते. त्यानंतर अठराच दिवसांनी, १६ ऑगस्टला, त्याच शहरात दंगल पेटली आणि हजारो माणसं मारली गेली. त्या लाटेला ही आग अडवता आली नाही.

अल्ताफ महमूद यांचंही तसंच. १९७१ मध्ये त्यांनी ढाक्यातल्या आपल्या घरी मुक्तियोद्ध्यांची शस्त्रं पेटीत घालून पुरून ठेवली होती. ३० ऑगस्टला पाकिस्तानी सैन्य आलं. त्यांच्याच हातानं अंगण खणून पेटी वर काढायला लावली आणि त्यांना घेऊन गेले. ते परत आले नाहीत. गाणं बंदुकीच्या गोळीला थांबवत नाही.

मग ते करतं काय? १९५२ मध्ये गेलेल्या मुलांची आठवण सत्तरहून अधिक वर्षं पहाटे चालत राहिली, ती या चालीमुळे. युनेस्कोनं १९९९ मध्ये २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन जाहीर केला. जग त्या दिवशी भाषेबद्दल बोलतं, त्याच्या मुळाशी एक रडतं गाणं आहे.

आजचं काय?

हा प्रवाह आटलेला नाही. प्रतुल मुखोपाध्याय फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. ते एकही वाद्य न घेता उभे राहायचे. टाळी, चुटकी, हातवारे आणि आवाज एवढ्यावर त्यांचं 'आमि बांगलाय गान गाइ' दोन्ही बंगालांत पोचलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवरच्या अत्याचार-हत्येनंतर बायका रात्री रस्त्यावर उतरल्या, आणि अरिजित सिंगनं 'आर कबे', म्हणजे 'आणखी कधी', हे गाणं काढलं. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात ढाक्यातल्या विद्यार्थ्यांच्या उठावाची भाषा रॅप होती. 'आवाज उठा' म्हणणाऱ्या हन्नान या रॅपरला अटक झाली. रॅपमध्ये सूर जवळजवळ नसतोच, बोलण्याचा ठेका असतो. पण बेड्यांच्या तालावर गाणाऱ्या नजरुलला तो परका वाटला नसता.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आसामच्या श्रीभूमी जिल्ह्यात काँग्रेसच्या एका बैठकीत कोणीतरी 'आमार सोनार बांग्ला'च्या ओळी म्हटल्या, तर दुसऱ्या देशाचं राष्ट्रगीत म्हटलं म्हणून मुख्यमंत्र्यांनी कारवाईचे आदेश दिले. बंगाल तुटू नये म्हणून लिहिलेलं गाणं म्हणणं हाच गुन्हा ठरू पाहतो आहे, हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. श्रीभूमी ज्यात येतं त्या बराक खोऱ्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या बंगाली बोलतात. ते गाणं त्यांचंही आहे, राष्ट्रगीत होण्याच्या कितीतरी आधीपासून.

बंगाली येत नाही, ऐकू कुठून?

'रनार'पासून. गायलंय हेमंत मुखोपाध्याय यांनी, म्हणजे आपले हेमंतकुमार. बंगाली कळायची गरज नाही, फक्त सा कुठं सरकतो तिकडे कान ठेवा. मग 'कारार ओइ लौहकपाट' मूळ चालीत, आवाज जरा मोठा करून. अल्ताफ महमूद यांची चाल मात्र पहाटेच ऐका. आणि शेवटी घरची तबकडी, लताबाईंबरोबरचं 'मी डोलकर, डोलकर दर्याचा राजा'. रात्रभर डाक घेऊन धावलेला तोच आवाज तिथं होडी हाकतोय.